सुवाह्य गॅस ग्रिलमधील अपुरी उष्णता

सुवाह्य गॅस ग्रिल हे द्रवीभूत पेट्रोलियम वायूवर (एलपीजी) चालणारे, एका माणसाला सहज उचलून नेता येईल असे भाजण्याचे उपकरण आहे. सहली, तंबूतील मुक्काम, घराची गच्ची किंवा अंगण अशा ठिकाणी मांस, मासे, भाज्या व कणसे भाजण्यासाठी ते वापरले जाते. बर्नर पेटलेला असूनही जाळी अपेक्षित तापमानाला न पोहोचणे ही या उपकरणाबाबत नेहमी आढळणारी अडचण आहे. बहुतेक वेळा तिचे मूळ उपकरण निकामी होण्यात नसते. इंधनाचा दाब, वायू व हवा यांचे मिश्रण, बर्नरची स्वच्छता आणि भोवतालचे हवामान या चार बाबींपैकी एखादीत ते सापडते. अडचण किरकोळ वाटली तरी तिचे दोन परिणाम गंभीर असू शकतात. अन्न आतून कच्चे राहून विषबाधा होऊ शकते, तसेच चुकीच्या दुरुस्तीमुळे आग, स्फोट किंवा कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा ओढवू शकते.

रचना आणि कार्य

सुवाह्य गॅस ग्रिलचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात: इंधनाचा सिलिंडर, दाब कमी करणारा रेग्युलेटर, वायूचा प्रवाह कमी-जास्त करणारी चावी, नोझल, मिश्रणनलिका, छिद्रे असलेला बर्नर, त्यावरील उष्णतारोधक पत्रा, भाजण्याची जाळी आणि झाकण. काही ग्रिलमध्ये बर्नर व जाळी यांच्यामध्ये पत्र्याऐवजी लाव्हा दगडांचा थर असतो.

सिलिंडरमध्ये इंधन दाबाखाली द्रवरूपात असते. चावी उघडल्यावर द्रवाच्या पृष्ठभागावरील वायू बाहेर पडतो आणि त्याची जागा घेण्यासाठी आणखी द्रवाचे बाष्पीभवन होते. सिलिंडरमधील दाब जास्त असतो व तो तापमानानुसार बदलतो. रेग्युलेटर तो कमी करून स्थिर पातळीवर आणतो. अमेरिकेत मोठ्या सिलिंडरवर चालणाऱ्या ग्रिलसाठी हा दाब सामान्यतः ११ इंच जलस्तंभ, म्हणजे सुमारे २७ मिलिबार असतो. भारतातील घरगुती शेगडीसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे २९ मिलिबार असतो. लहान सिलिंडर थेट जोडल्या जाणाऱ्या सुवाह्य ग्रिलमध्ये रेग्युलेटर व चावी बहुधा एकाच जोडणीत बसवलेली असतात आणि त्यांचा दाब उत्पादकागणिक वेगळा असतो.

नोझलच्या बारीक छिद्रातून वायू वेगाने मिश्रणनलिकेत शिरतो. या झोतामुळे नलिकेच्या तोंडाशी असलेल्या झरोक्यांतून हवा आत ओढली जाते. हे तत्त्व जोव्हानी बॅतिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जात असल्यामुळे मिश्रणनलिकेला व्हेंचुरी नलिका असेही म्हणतात. हवेचा उरलेला भाग ज्योतीला बर्नरच्या भोवतालून मिळतो. प्रोपेनच्या एका घनफळाच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे २४ घनफळे हवा लागते, तर ब्युटेनसाठी सुमारे ३१. त्यामुळे वायूचा मार्ग मोकळा असला तरी हवेचा मार्ग अडल्यास उष्णता घटते.

उष्णतेचे मापन

ग्रिलची क्षमता अमेरिकेत ताशी बीटीयूमध्ये, तर इतरत्र बहुधा किलोवॉटमध्ये दिली जाते. १ किलोवॉट म्हणजे ताशी सुमारे ३,४१२ बीटीयू. ताशी १०,००० बीटीयू क्षमतेचे लहान ग्रिल पूर्ण आचेवर सुमारे २.९ किलोवॉट उष्णता देते. एक किलोग्रॅम प्रोपेनच्या ज्वलनातून सुमारे ५० मेगाज्यूल उष्णता मिळते हे धरल्यास असे ग्रिल ताशी सुमारे २१० ग्रॅम इंधन वापरते. अमेरिकेत प्रचलित असलेला एक पौंडाचा (सुमारे ४५० ग्रॅम) सिलिंडर त्यावर पूर्ण आचेवर साधारण दोन तास पुरतो.

क्षमतेचा आकडा मोठा असला म्हणजे जाळी अधिक तापेलच असे नाही. तीच उष्णता किती क्षेत्रफळावर पसरते, झाकण किती घट्ट बसते आणि बर्नर जाळीपासून किती अंतरावर आहे यांवर प्रत्यक्ष तापमान ठरते. अन्नाला तपकिरी रंग व खरपूस चव देणारी मायार अभिक्रिया साधारण १४०° सेल्सियसच्या वर वेगाने होते. ल्वी-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले होते. जाळी पुरेशी न तापल्यास अन्नातील पाणी बाहेर पडून पृष्ठभागावर साचते. त्याची वाफ होण्यातच उष्णता खर्च होते आणि अन्न भाजले न जाता शिजल्यासारखे लागते.

अपुऱ्या उष्णतेची कारणे

इंधन संपत येणे

सिलिंडरमध्ये द्रवरूप इंधन शिल्लक असेपर्यंत त्यातील दाब मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो, इंधनाच्या प्रमाणावर नव्हे. त्यामुळे सिलिंडर अर्धा झाला म्हणून आच अर्धी होत नाही. ती अखेरच्या टप्प्यात झपाट्याने उतरते. शिल्लक इंधन ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजन करणे. मोठ्या सिलिंडरवर रिकामे वजन कोरलेले असते. ते एकूण वजनातून वजा केले की इंधनाचे वजन मिळते. लहान सिलिंडरच्या बाबतीत नव्या, भरलेल्या सिलिंडरशी तुलना करता येते. सिलिंडर हलवून आवाजावरून केलेला अंदाज बहुधा चुकतो.

सिलिंडर गार पडणे

द्रवाच्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या धातूतून व भोवतालच्या हवेतून घेतली जाते. एक किलोग्रॅम प्रोपेनच्या बाष्पीभवनाला, तापमानानुसार, सुमारे ३५० ते ४२५ किलोज्यूल उष्णता लागते. लहान सिलिंडरचा पृष्ठभाग लहान असल्यामुळे सतत पूर्ण आचेवर वापर केल्यास बाहेरून येणारी उष्णता अपुरी पडते. मग इंधन थंड होत जाते आणि दाब घटतो. सिलिंडरवर दव किंवा हिमाचा पांढरा थर दिसणे ही त्याची खूण आहे. ग्रिल सुरुवातीला चांगले तापून काही वेळाने मंदावत असेल, तर प्रथम याच कारणाची शंका घ्यावी.

इंधनाच्या प्रकारामुळे यात मोठा फरक पडतो. वातावरणीय दाबाखाली प्रोपेनचा उत्कलनबिंदू −४२°, आयसोब्युटेनचा सुमारे −१२° आणि सामान्य ब्युटेनचा −०.५° सेल्सियस आहे. २०° सेल्सियस तापमानाला प्रोपेनचा निरपेक्ष बाष्पदाब सुमारे ८.४ बार, तर सामान्य ब्युटेनचा केवळ २.१ बार असतो. ०° सेल्सियसला प्रोपेनचा दाब ४.७ बारच्या आसपास उरतो, पण ब्युटेनचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाइतकाच होतो व वायू बाहेर पडणे जवळजवळ थांबते. म्हणून ब्युटेनच्या डब्यांवर चालणारी ग्रिल थंडीत निरुपयोगी ठरतात. मिश्र इंधनात प्रोपेन अधिक वेगाने उडून जात असल्याने उरलेल्या द्रवात ब्युटेनचे प्रमाण वाढते, आणि अर्धा वापरलेला सिलिंडर थंडीत भरलेल्या सिलिंडरपेक्षा मंद चालतो.

प्रवाहरोधक यंत्रणा कार्यान्वित होणे

अमेरिकेतील २० पौंडी (सुमारे ९ किलोग्रॅम) सिलिंडरच्या आधुनिक जोडणीत गळतीपासून संरक्षण देणारी प्रवाहरोधक यंत्रणा असते. नळी तुटल्यास वायूचा प्रवाह एकदम वाढतो, तो ओळखून ही यंत्रणा प्रवाह अगदी थोडा करते. परंतु बर्नरची चावी आधीच उघडी असताना सिलिंडरची चावी उघडली, किंवा ती झटकन उघडली, तर यंत्रणेला तोही प्रवाह गळतीसारखाच भासतो. मग बर्नर पेटतो, पण ज्योत बोटभरही उंच होत नाही. एक पौंडाच्या सिलिंडरसाठी बनवलेले ग्रिल जोडनळीने मोठ्या सिलिंडरला लावणाऱ्यांना ही अडचण विशेषतः येते.

यंत्रणा पूर्ववत करण्यासाठी ग्रिलच्या सर्व चाव्या व सिलिंडरची चावी बंद करून जोडणी सोडवावी, काही मिनिटे थांबावे आणि जोडणी पुन्हा हाताने घट्ट करावी. त्यानंतर ग्रिलच्या चाव्या बंद ठेवून सिलिंडरची चावी अतिशय सावकाश उघडावी, काही क्षण नळीत दाब भरू द्यावा आणि मगच बर्नर पेटवावा. बंद करताना आधी सिलिंडर व नंतर बर्नर बंद केल्यास नळीतील दाब निघून जातो आणि पुढच्या वेळी चावी झटकन उघडली की यंत्रणा पुन्हा अडते. त्यामुळे प्रत्येक वापराच्या वेळी चावी हळू उघडण्याची सवय ठेवणे महत्त्वाचे ठरते.

रेग्युलेटर व नळीतील दोष

रेग्युलेटरमध्ये एक लवचीक पडदा व स्प्रिंग असते. पडद्याच्या एका बाजूस वायूचा, तर दुसऱ्या बाजूस बारीक श्वासछिद्रातून येणाऱ्या बाहेरील हवेचा दाब असतो. हे छिद्र मातीने किंवा किड्यांच्या घरट्याने बुजल्यास पडद्याची हालचाल अडते व दाब बिघडतो. पडदा कडक होणे किंवा फाटणे, आतील भाग गंजणे हेही दोष संभवतात. रबरी नळीला मुरड पडणे, आतील थर सुटणे, किंवा इंधनातील जड घटक व रबरातून झिरपलेली द्रव्ये यांचा तेलकट साका साचणे यांमुळेही प्रवाह घटतो. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करण्याचे उपकरण नाही. दोष आढळल्यास तो त्याच दाबाच्या व क्षमतेच्या नव्या रेग्युलेटरने बदलावा.

मिश्रणनलिकेतील अडथळा

बरेच महिने पडून असलेल्या ग्रिलच्या मिश्रणनलिकेत कोळी जाळी विणतात किंवा कुंभारमाशीसारखे कीटक मातीची घरटी करतात. अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत याबद्दल स्पष्ट इशारा असतो. पिवळा पिशवी-कोळी इंधनाच्या वासाकडे आकर्षित होतो असे मानले जाते. त्याच्या जाळ्यांमुळे इंधनप्रणालीची वायुनलिका तुंबण्याच्या शक्यतेवरून माझ्दा कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेत काही मोटारी परत मागवल्या होत्या.

नलिका अंशतः बुजल्यास हवा कमी ओढली जाते आणि ज्योत पिवळी, लांब व मरगळलेली दिसते. ती पूर्ण बुजल्यास वायू बर्नरकडे न जाता नलिकेच्या तोंडातून बाहेर येतो व चावीजवळच पेट घेऊ शकतो. म्हणून हा दोष केवळ आच कमी करणारा नसून धोकादायकही आहे.

बर्नरची छिद्रे व नोझल बुजणे

अन्नातील चरबी, मसाल्यांचे रस, मीठ आणि गंज यांमुळे बर्नरची छिद्रे बुजतात. मग ज्योत काही भागांतच दिसते आणि जाळीवर गरम व थंड पट्टे पडतात. नोझलचे छिद्र त्याहून बारीक असल्याने धुळीचा एखादा कणही प्रवाह कमी करण्यास पुरेसा ठरतो.

रॉकेलच्या स्टोव्हची पिन वापरण्याची सवय असलेल्या घरांत नोझलमध्ये तार किंवा सुई घालण्याचा मोह होतो. पितळ मऊ असल्यामुळे त्याने छिद्र मोठे किंवा वेडेवाकडे होते, वायूचे प्रमाण वाढते आणि काजळी धरणारी, अनियंत्रित ज्योत तयार होते. नोझल काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावे, फुंकून किंवा हवेच्या झोताने साफ करावे व पूर्ण वाळवून बसवावे. त्याने भागले नाही तर ते बदलावे.

इंधन व नोझल यांचा मेळ नसणे

समान घनफळाच्या प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. त्यामुळे एलपीजीसाठीचे नोझल लहान छिद्राचे, तर नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठीचे मोठ्या छिद्राचे असते. एलपीजीचे ग्रिल नोझल न बदलता नैसर्गिक वायूला जोडल्यास ज्योत अतिशय दुबळी होते. याउलट केल्यास ज्योत धोकादायकरीत्या मोठी होते. असा बदल उत्पादकाने दिलेल्या संचानेच व जाणकाराकडून करून घ्यावा.

वारा, थंडी आणि उंची

सुवाह्य ग्रिलचे कवच पातळ असते व ते जमिनीपासून फारसे उंच नसते. वारा बर्नरखालून शिरून ज्योत एका बाजूला ढकलतो आणि झाकणाखालची गरम हवा वाहून नेतो. वाऱ्याला आडोसा करताना सिलिंडरभोवती हवा खेळती राहील याची काळजी घ्यावी लागते. ग्रिल चहूबाजूंनी पत्र्याने झाकल्यास सिलिंडर व रेग्युलेटर तापण्याचा धोका असतो.

समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो. नोझलमधून बाहेर पडणारा वायूही तेवढाच विरळ होतो. त्यामुळे त्याच छिद्रातून कमी वस्तुमानाचे इंधन जाते व उष्णता घटते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहसारख्या ठिकाणी हा परिणाम स्पष्ट जाणवतो, आणि तेथील थंडीमुळे सिलिंडरमधील दाबही उतरतो.

वापरातील चुका

उपकरणात कोणताही दोष नसताना पुढील कारणांमुळे आच अपुरी वाटू शकते:

• जाळी तापण्यापूर्वीच अन्न ठेवणे. झाकण लावून पूर्ण आचेवर १० ते १५ मिनिटे तापवणे बहुतेक ग्रिलसाठी आवश्यक असते.
• झाकण वारंवार उघडणे. दर वेळी साचलेली गरम हवा निघून जाते.
• जाळी किंवा तळ अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याने झाकणे. त्यामुळे हवेचा मार्ग बंद होतो व चरबी साचून आग लागू शकते.
• गोठलेले किंवा फार ओले अन्न एकाच वेळी दाटीवाटीने मांडणे.
• झाकणावरील तापमापकावर पूर्ण विसंबणे. तो झाकणाखालच्या हवेचे तापमान दाखवतो, जाळीचे नव्हे.

काढता येण्याजोगा तापमापक उकळत्या पाण्यात धरून तपासता येतो. मात्र पाण्याचा उत्कलनबिंदू उंचीनुसार उतरतो. मुंबईत तो १००° सेल्सियसच्या जवळ, पुण्यात सुमारे ९८°, तर महाबळेश्वरात ९५° ते ९६° असतो. हा फरक ध्यानात न घेतल्यास अचूक तापमापकही सदोष ठरवला जातो.

ज्योतीवरून निदान

कोणतेही हत्यार न वापरता ज्योतीच्या रंगरूपावरून दोषाचा अंदाज बांधता येतो. निरीक्षण दिवसा सावलीत किंवा संध्याकाळी, जाळी काढून व थोड्या अंतरावरून करावे.

• निळी, स्थिर, टोकाशी किंचित पिवळसर ज्योत: मिश्रण योग्य आहे. उष्णता अपुरी असल्यास कारण वारा, झाकण किंवा वापराची पद्धत यांत शोधावे.
• सर्वत्र निळी पण अगदी लहान ज्योत: वायू कमी येत आहे. इंधन, गार सिलिंडर, प्रवाहरोधक यंत्रणा, रेग्युलेटर किंवा नोझल तपासावे.
• पिवळी, लांब, डोलणारी व काजळी धरणारी ज्योत: हवा कमी पडत आहे. मिश्रणनलिका व हवेचे झरोके तपासावेत.
• काही भागांतच ज्योत: बर्नरची छिद्रे बुजली आहेत किंवा बर्नरला चीर गेली आहे.
• बर्नरपासून उचललेली, फुरफुरणारी ज्योत: हवा किंवा दाब प्रमाणाबाहेर आहे.
• सुरुवातीला जोरदार, नंतर मंदावणारी ज्योत: सिलिंडर गार पडला आहे किंवा इंधन संपत आले आहे.
• चावीजवळ ज्योत किंवा नलिकेत घोंघावणारा आवाज: वायू ताबडतोब बंद करावा. नलिका साफ केल्याशिवाय ग्रिल पुन्हा पेटवू नये.

ज्योतीत अधूनमधून चमकणारे नारिंगी कण धूळ किंवा मिठातील सोडिअममुळे दिसतात. ते दोषाचे लक्षण नव्हे.

तपासणीचा क्रम

सोपे व निर्धोक उपाय आधी आणि सुटे भाग काढण्याचे उपाय नंतर, हे तत्त्व पाळल्यास वेळ व खर्च वाचतो.

१. सिलिंडरचे वजन करून इंधन शिल्लक असल्याची खात्री करावी.
२. सिलिंडर गार लागत असल्यास आच बंद करून तो सामान्य तापमानाला येऊ द्यावा, किंवा दुसरा सिलिंडर लावून पाहावा. दुसऱ्या सिलिंडरने ज्योत सुधारल्यास ग्रिलमध्ये दोष नाही.
३. प्रवाहरोधक यंत्रणा असल्यास ती वर दिलेल्या पद्धतीने पूर्ववत करावी.
४. सर्व जोडण्यांना साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. बुडबुडे आल्यास वापर थांबवावा. गळती शोधण्यासाठी काडी कधीही पेटवू नये.
५. सिलिंडर सोडवून व ग्रिल थंड झाल्यावर बर्नर काढावा. मिश्रणनलिका लांब, लवचीक ब्रशने, तर बर्नरची छिद्रे तारेच्या ब्रशने आडव्या दिशेने साफ करावीत.
६. नोझल साफ करावे. बर्नर परत बसवताना नोझलचे टोक नलिकेच्या तोंडात सरळ येते आहे ना, हे पाहावे. ते बाहेर राहिल्यास वायू उघड्यावर पसरतो.
७. एवढे करूनही ज्योत लहानच राहिल्यास रेग्युलेटर व नळी बदलावी.
८. शेवटी वारा नसलेल्या जागी, झाकण लावून १५ मिनिटांनी जाळीजवळचे तापमान मोजावे.

सुरक्षितता

दाब वाढवण्यासाठी सिलिंडर ज्योतीवर धरणे, उकळत्या पाण्यात ठेवणे किंवा ग्रिलच्या झाकणावर तापवणे प्राणघातक ठरू शकते. तापमान वाढले की बाष्पदाब झपाट्याने वाढतो आणि द्रव प्रसरण पावतो. याच कारणाने मोठे सिलिंडर सुमारे ८० टक्केच भरले जातात. अमेरिकेत ४ ते ४० पौंडी सिलिंडरमध्ये प्रमाणाबाहेर भरण्यास प्रतिबंध करणारी झडप बंधनकारक असून एप्रिल २००२ पासून ती नसलेले सिलिंडर पुन्हा भरले जात नाहीत. एकदाच वापरण्याचे लहान सिलिंडर घरी भरू नयेत. रेग्युलेटर काढून टाकणे किंवा नोझलचे छिद्र मोठे करणे हे उपायही तितकेच घातक आहेत. सिलिंडर आडवा ठेवल्यास द्रवरूप इंधन रेग्युलेटरमध्ये शिरून ज्योत अचानक भडकू शकते.

ग्रिल मंद चालत असल्यास वारा टाळण्यासाठी ते तंबूत, गॅरेजमध्ये किंवा बंद गॅलरीत नेण्याची प्रवृत्ती असते. अपुऱ्या हवेत जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साईड निर्माण करते. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची चाहूल लागत नाही. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची सुरुवातीची लक्षणे होत. ग्रिल फक्त उघड्यावरच वापरावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला वायू खड्डे, तळघर व गटारे यांत साचतो. त्याचा वास यावा म्हणून त्यात मरकॅप्टनसारखे उग्र गंधद्रव्य मिसळलेले असते.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने जाळीचे तापमान नव्हे, तर अन्नाच्या मध्यभागाचे तापमान महत्त्वाचे असते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शिफारशीनुसार कोंबडीचे मांस आतून ७४° सेल्सियस, तर खिमा ७१° सेल्सियस तापमानापर्यंत शिजवावा. ४° ते ६०° सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीस पोषक टप्पा मानला जातो. मंद आचेवर मांस या टप्प्यात दीर्घकाळ राहते. बाहेरून रंग आला म्हणजे आतून शिजले असे समजू नये. खात्रीसाठी टोकदार तापमापक वापरावा. ग्रिल मध्येच बंद पडल्यास अर्धवट शिजलेले मांस तसेच न ठेवता लगेच दुसऱ्या चुलीवर पूर्ण शिजवावे.

भारतातील परिस्थिती

भारतात घरगुती वापरासाठी १४.२ किलोग्रॅम व ५ किलोग्रॅमचे, तर व्यावसायिक वापरासाठी १९ किलोग्रॅमचे सिलिंडर प्रचलित आहेत. भारतीय एलपीजी हे मुख्यतः ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असल्याने शुद्ध प्रोपेनच्या तुलनेत त्याचा बाष्पदाब कमी असतो. महाराष्ट्र व गोव्याच्या किनारपट्टीवर याचा फरक जाणवत नाही, परंतु हिमालयातील हिवाळ्यात सिलिंडर मंदावण्याचा अनुभव येतो.

परदेशातून आणलेले ग्रिल भारतीय सिलिंडरला थेट जोडता येत नाही, कारण अमेरिकी लहान सिलिंडरची जोडणी आट्यांची, तर भारतीय घरगुती रेग्युलेटरची जोडणी दाबून बसवण्याची असते. अशा वेळी जुगाड करून बसवलेली नळी गळतीचे कारण ठरते, शिवाय रेग्युलेटरचा दाब ग्रिलच्या नोझलशी जुळेलच असे नसते. दाब कमी पडल्यास ग्रिल तापत नाही, जास्त झाल्यास ज्योत बर्नरवरून उचलली जाते. घरगुती शेगडीसाठी वापरली जाणारी नारिंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळी दर पाच वर्षांनी बदलण्याची शिफारस तेलकंपन्या करतात. वायुगळतीच्या तक्रारीसाठी देशभर १९०६ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

या लेखातील निदानाची तत्त्वे घरगुती गॅस शेगडीलाही लागू पडतात. शेगडीवर वांगे किंवा कणीस भाजताना टपकलेला रस, उतू गेलेले दूध आणि भाताची पेज यांमुळे बर्नरची छिद्रे बुजणे हे ज्योत पिवळी पडण्याचे नेहमीचे कारण आहे. भांड्यांना काजळी धरू लागणे ही त्याची पहिली खूण होय.

देखभाल

प्रत्येक वापरानंतर जाळी गरम असतानाच ब्रशने घासावी आणि थंड झाल्यावर चरबीची ताटली रिकामी करावी. वर्षातून निदान एकदा, तसेच दीर्घकाळ न वापरलेले ग्रिल पुन्हा पेटवण्यापूर्वी बर्नर काढून मिश्रणनलिका तपासावी. किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत बर्नर लवकर गंजतो, म्हणून तेथे ही तपासणी अधिक वेळा करावी. पावसाळ्यापूर्वी ग्रिल साठवताना सिलिंडर सोडवून वेगळा, घराबाहेर, उभा व हवेशीर सावलीत ठेवावा. नळीचे तोंड व मिश्रणनलिकेचे झरोके बारीक जाळीच्या कापडाने झाकल्यास कीटकांना अटकाव होतो. वापरापूर्वी हे कापड आठवणीने काढावे. भेगा पडलेली नळी, चीर गेलेला किंवा छिद्रे मोठी झालेला बर्नर साफ करून उपयोग होत नाही. असे भाग बदलावेत.

हे सुद्धा पाहा

• द्रवीभूत पेट्रोलियम वायू
• प्रोपेन
• ब्युटेन
• बन्सन बर्नर
• मायार अभिक्रिया
• कार्बन मोनॉक्साईड